हिरवा बिल्ला

काही माणसांना कुठे डाग दिसला की हात शिवशिवतात. चकचक त्यांतला. नळ बनवणाऱ्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी पॉलिश खात्यात गेली. फिरत्या चाकावर पितळी तोटी धरायची आणि तिच्यात आपलं नाक दिसेपर्यंत सोडायची नाही, हे काम. 'चकचक' हे नाव खात्यातल्याच कुणी टवाळाने ठेवलं आणि ते असं चिकटलं की बायकोला लोक चकचकीणबाई म्हणू लागले. तिला ते बिलकूल आवडत नसे. पण लोकांना तिच्या आवडीशी काय घेणं!

निवृत्त झाल्यावर या माणसाने काय करावं? वाचायची सवय नाही, पत्ते येत नाहीत, गप्पा मारायला बसला तर समोरच्याच्या शर्टाची गुंडी घासायला लागेल. आधी त्याने घरातल्या कड्या, बिजागऱ्या आणि चमचे घासून झिजवले. मग जिन्याचा कठडा घेतला. मग शेजाऱ्यांच्या दारांच्या मुठी. तेव्हा बायकोने परगावच्या मुलाला फोन करून सांगितलं, "तुझ्या बापाला घराबाहेर काढ. कसंही काढ."

मुलाने धातू शोधायचं यंत्र पाठवलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानांवर लावायचे हेडफोन. जमिनीत धातू असला की यंत्र केकाटायचं. चकचक सकाळी ते खांद्यावर टाकून मोकळ्या मैदानात, जुन्या बाजाराच्या जागेवर, नदीकाठी हिंडू लागला. बायकोने यंत्राचं नाव सवत ठेवलं. "निघाली का स्वारी सवतीला घेऊन," असं म्हणून दार लावून घ्यायची आणि सुखाने चहा प्यायची. सुख फार टिकलं नाही. सापडलेला माल घरी येऊ लागला.

खिळे, चाव्या, पट्ट्यांची बक्कलं, बाटल्यांची बुचं, चेपलेले चमचे, नाणी. सगळं मातीने आणि गंजाने लडबडलेलं. चकचकने न्हाणीघर ताब्यात घेतलं. तांब्याच्या नाण्यांना व्हिनेगर आणि मीठ. चांदीसारखं काही वाटलं तर भांड्यात चंदेरी फॉइल अंथरून खायचा सोडा आणि उकळतं पाणी. लोखंडाला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि त्यात गाडीची बॅटरी चार्ज करायच्या यंत्राच्या दोन वायरी. मग बादलीत बारीक बुडबुडे यायचे आणि वर तपकिरी फेस. जे कशालाच दाद देणार नाही त्याला संडास साफ करायचं निळं औषध. घरातले सगळे जुने टूथब्रश त्या खात्यात जमा झाले, आणि एकदा एक नवाही. बायको तो ब्रश तोंडात घालणार इतक्यात तिला वास आला. त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही.

एकदा त्याने निळं औषध ओतलेल्या तसराळ्यात, अजून जोर यावा म्हणून, कपडे पांढरे करायचं ब्लीच टाकलं. पिवळट वाफ उठली. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती, ती खोकत खोकत जिन्यात जाऊन बसली. डॉक्टरने चकचकला असं झापलं की तसं पोरासोरांनाही कुणी झापत नाही. ही दोन औषधं एकत्र आली की विषारी वायू होतो, बाटलीवरसुद्धा छापलेलं असतं. पण बाटलीवरचं वाचील तो चकचक कसला. आपण पितळात जन्म काढला, मळ कसा काढायचा ते आपल्याला काय शिकवता, हा त्याचा तोरा. मळ निघाला की खाली धातू असतोच, ही त्याची श्रद्धा. आजवर ती कधी खोटी ठरली नव्हती.

त्याची वहिनी खालच्या मजल्यावर राहायची. एकटी. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चकचकचा मोठा भाऊ, दादा, त्याच कारखान्यात ओतकाम करायचा. एका संध्याकाळी पाळी संपवून फाटकाबाहेर पडला तो घरी आलाच नाही. नेहमीची वाट तलावाच्या बांधावरून, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. पोलिसांनी शोधलं, गळ टाकले, काही लागलं नाही. तलाव खोल. पण लोकांना पाण्यात शोधण्यापेक्षा तोंडाने शोधणं सोपं जातं. पॅकिंग खात्यातली एक बाई त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली होती. झालं. दोन आणि दोन चार करायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. दादा पळून गेला, हे ठरून गेलं. वहिनी तेव्हा ऐन तिशीत, मुलगी पाचवीत.

वहिनीने शिवणकाम करून मुलीला वाढवलं, शिकवलं. मुलगी हुशार निघाली आणि कडकही निघाली. बापाला ती 'तो माणूस' म्हणायची. बापाचा एक फोटो होता तो तिने मोठी झाल्यावर भिंतीवरून काढला आणि कपाटाच्या वर पालथा टाकला. वहिनीने तो सरळ केला नाही, आणि फेकलाही नाही.

यंदा तलावाच्या दरवाजांची दुरुस्ती निघाली आणि पाणी सोडून दिलं. कित्येक वर्षांनी तळ उघडा पडला. चकचक सवतीला घेऊन तिथे पोचला नसता तरच नवल. बांधाच्या पायथ्याशी, सुकलेल्या चिखलात, यंत्र केकाटलं. त्याने खुरप्याने उकरलं. हिरव्या खपल्यांनी माखलेली एक गोल चकती निघाली. वरच्या कडेला भोक.

हातात घेताच त्याला कळलं. कारखान्यात प्रत्येक कामगाराला पितळी बिल्ला असायचा. आत येताना तो फाटकावरच्या पेटीत टाकायचा आणि सुटताना फळीवरून आपला आपण उचलून घरी न्यायचा. बिल्ल्यावर इंग्रजी आकड्यात नंबर ठोकलेला. दोघे भाऊ एकाच दिवशी, रांगेत मागेपुढे उभे राहून नोकरीला लागले होते. दादाचा नंबर दोनशे शहाऐंशी, चकचकचा दोनशे सत्याऐंशी. आणि त्याच्या मागे उभा असलेला, ज्याला सगळे पाणकोंबडा म्हणायचे, त्याचा दोनशे अठ्ठ्याऐंशी. पाणकोंबडा सुटीच्या दिवशी तलावात पोहायला जायचा आणि एकदा तिथेच आपला बिल्ला घालवून आला होता. सगळं खातं त्याच्यावर हसलं होतं. आता तोही मरून गेला, विचारायची सोय नाही.

चकचकने अंगठ्याने माती पुसली. दोन दिसला. आठ दिसला. तिसऱ्या आकड्यावर हिरवा गोळा बसला होता आणि त्याच्या खालून नुसतं एक गोल पोट डोकावत होतं. सहाचं पोट असंच असतं. आठाचंही.

तो तिथेच चिखलात बसला. पॅन्टची वाट लागली, तरी त्याला भान नव्हतं.

घरी आल्यावर तो वर गेला नाही. वहिनीच्या दारात उभा राहिला आणि नुसता तळहात पुढे केला. वहिनी मशीनवर होती. तिने पाय थांबवला.

"काय आहे?"

"तलावात सापडला. दोन आणि आठ दिसतंय. पुढचा दिसत नाही."

वहिनी बिल्ल्याकडे बघत राहिली, हात लावला नाही. मग म्हणाली, "सहा असेल तर ते घरीच येत होते."

"हो."

"आणि आठ असेल तर पाणकोंबड्याचा."

"हो."

"भावजी, याला ते तुमचं निळं पाणी लावायचं नाही. काही लावायचं नाही. कुणा जाणत्याला विचारा."

"वहिनी, पितळ आहे. मला पितळ—"

"मला माहीत आहे तुम्हाला पितळ. माझ्या लग्नातल्या समईची नक्षी कुठे गेली ते पण माहीत आहे."

त्याने शब्द दिला, काही लावणार नाही. समई खरंच गुळगुळीत झाली होती.

यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांत एक दाढीवाला होता, त्याला चकचकने बिल्ला दाखवला. दाढीवाल्याने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे पितळ आतून कुजलंय. इतकं कुजल्यावर आकडा धातूत राहत नाही, तो या हिरव्या खपलीत राहतो. खपली गेली की आकडा गेला. ॲसिड नाही, लिंबू नाही, व्हिनेगर तर नावही काढू नका. गोड्या तेलात बुडवून ठेवा. आठवड्याने काढायचा, टूथपिकने कणभर खरवडायचं, परत तेलात."

"असं किती दिवस?"

"लागतील महिने."

"महिने?"

"इतकी वर्षं पडला होता तो. त्याला घाई नाही, तुम्हाला आहे."

चकचकने मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं. खपलीत आकडा राहतो म्हणे. म्हणजे माणूस गेला तरी सदऱ्यात पोट राहतं, असं म्हणण्यासारखं झालं. तरीही वहिनीला शब्द दिला होता. बिल्ला वाटीत, वाटीत तेल, वर बशी, आणि वाटी खिडकीत. दर आठवड्याला तो भिंग लावून बसायचा, टूथपिकने खरवडायचा, आणि टूथपिक मोडायची. बायको म्हणायची, "नळ घासणारा हत्ती सुई ओवायला बसलाय." खालून वहिनी रोज विचारायची, "काय म्हणतोय?" आणि तो म्हणायचा, "अजून गप्प आहे."

एवढ्यात वहिनीच्या मुलीचा फोन आला. आईला आपल्याकडे न्यायचं हे तिचं केव्हाचं चाललं होतं. गुडघे गेलेले, डोळे गेलेले, एकटीने राहायचं वय उरलं नाही. आता तिला सुटी मिळाली, रविवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव. कायमचं. खालची खोली सोडायची.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच आपण होऊन जिना चढून आली. अर्ध्यात दोनदा थांबली. वाटीसमोर खुर्ची ओढून बसली.

"तिला दाखवायचाय मला," ती म्हणाली. "नुसतं तोंडाने सांगून ती ऐकायची नाही. म्हणेल, आई, तू अजून त्याचीच बाजू घेतेस. आकडा दिसला तर दाखवीन. नाही दिसला तर बोलणार नाही, तेलात राहू दे, तुम्ही सावकाश करा. पण घाई नाही करायची."

"नाही करत."

"भावजी."

"नाही करत म्हटलं ना, वहिनी."

आणि खरंच त्याच्या मनात नव्हतं. पण शनिवारी दुपारी तो भिंग लावून बसला आणि त्याला वाटलं, हिरव्या गोळ्याची वरची कड जराशी उचलली गेली आहे. आतून आकड्याची वरची शेपटी दिसते आहे. शेपटी असली तर सहा, आणि गोल मिटलेलं असलं तर आठ. एवढाच फरक. एका टिचकीचं काम. उद्या सकाळी वहिनी जाणार. आकड्यावाचून गेली तर ती तिकडे मुलीच्या घरात, त्या बाप नसलेल्या भिंतींत, तोंड मिटून राहणार आणि तशीच एक दिवस जाणार. मग महिन्यांनी सहा निघाला तर तो काय चुलीत घालायचा? हे सगळं त्याने मनाशी बोलून घेतलं. माणसाला चूक करायची असली की कारणं कधी कमी पडत नाहीत.

निळं औषध नको, तेवढी अक्कल त्याने दाखवली. व्हिनेगर घेतलं, तेही पाणी घालून. बिल्ला पुसून कोरडा केला, कापसाचा बोळा भिजवला आणि फक्त त्या गोळ्यावर ठेवला. फक्त गोळ्यावर. बारीक फसफस झाली. कापूस हिरवा झाला. त्याला बरं वाटलं. मळ निघत होता. बोळा बदलला. मग हळूच टूथब्रश फिरवला, सवयीने, गोल गोल.

गोळा सुटला आणि भुगा होऊन वाहून गेला. खाली गुलाबी धातू होता. खडबडीत, भोकाभोकांचा, पाव कुरतडल्यासारखा. शेपटी नव्हती. पोटही नव्हतं. मधल्या आठाचीही एक बाजू गेली होती, आणि तो बघत असतानाच ओली कड विरघळून दोनही पुसट होत चालला. त्याने बिल्ला धावत नळाखाली धरला. नळाच्या धारेने उरलंसुरलं उडालं.

त्याच्याच कारखान्याचा नळ होता तो.

बायको बाहेरून आली तेव्हा तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला होता. तिने बिल्ला पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा टोमणा मारला नाही. पाणी आणून दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सहा सांगा."

"काय?"

"सहा होता म्हणून सांगा. भिंगातून दिसला आणि मग गेला. तुमचं काय जातंय?"

"आणि आठ असला तर?"

"आठवाला येणार आहे का भांडायला? त्या बाईच्या जन्माचं सार्थक होईल. पोरीपुढे मान वर करून बसेल. एवढं खोटं देवसुद्धा पचवतो."

चकचक जिना उतरला. वहिनी ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. खोलीत सगळीकडे गाठोडी. शिवणयंत्रावर चादर टाकलेली.

"वहिनी, सहा होता."

वहिनीने हातातली ताटली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं, ते त्याला सांगता आलं नसतं. तिने हात पुढे केला.

"द्या."

त्याने दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. अंगठा फिरवला.

"सहा होता म्हणता."

"हो."

"तुम्ही खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात. लग्न होऊन आले त्याच दिवशी मला सांगितलं होतं यांनी. धाकटा लबाडी करायला लागला की कान बघ म्हणून." ती थांबली. "आठ दिसला?"

"नाही."

"म्हणजे काहीच दिसलं नाही."

"नाही दिसलं."

"मग सहा कशाला सांगता?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"बरं वाटेल," वहिनी म्हणाली. "नवरा बुडून मेला, नाकातोंडात पाणी जाऊन तडफडून मेला, म्हणजे मला बरं वाटेल." तिने पुन्हा ताटली उचलली आणि कागद गुंडाळू लागली. कागद नीट बसेना. "आणि वाटलं असतं हो. तेच तर आहे. रोज खालून विचारून तेच मागत होते मी. मेलेला असू दे, पळालेला नको."

त्याने दुसरी ताटली उचलली आणि कागद घेतला.

"ठेवा ती," वहिनी म्हणाली. "तुमच्या हाताला व्हिनेगरचा वास येतोय."

रविवारी सकाळी मुलगी आली. आल्या आल्या पदर खोचावा तशी कामाला लागली. अर्ध्या वस्तू बाद केल्या, उरलेल्या गाडीत भरल्या. चकचकने शिवणयंत्र उचलून खाली नेलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. कपाटाच्या वर हात घालून मुलीने पालथी चौकट काढली, बघितली नाही, बाद वस्तूंवर टाकली. वहिनीने ती तिथून उचलली आणि आपल्या पिशवीत घातली. मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं. पिशवीत वर तो गुलाबी बिल्ला होता.

"हे काय?" तिने तो उचलला.

चकचकची बायको जिन्यात उभी होती, तिने डोळ्यांनी खूण केली: सांगा. अजून सांगा. त्याचे कान तापू लागले.

"तुझ्या काकांनी तलावातून काढलं," वहिनी म्हणाली. "घासून घासून कोरं केलं."

"काही लिहिलेलं नाही यावर."

"नाही."

"मग कशाला नेतेस?"

"असू दे. जागा खात नाही."

मुलीने खांदे उडवले आणि बिल्ला परत टाकला. वहिनी गाडीत बसली. चकचक खिडकीशी वाकला, काही म्हणावं म्हणून. तिने काच खाली केली.

"भावजी, हिरवा होता तोवर मला निदान विचारता तरी येत होतं," ती म्हणाली. "रोज सकाळी. काय म्हणतोय म्हणून."

गाडी बांधावरच्या रस्त्याने गेली. तलावाचे दरवाजे दुरुस्त झाले होते, पाणी पुन्हा निम्म्यावर आलं होतं. तो पायथा केव्हाच बुडाला होता.

चकचकचा स्वतःचा बिल्ला दाराशी खिळ्यावर टांगलेला असे. निवृत्तीच्या दिवशी तो परत करायचा राहिला, आणि दर रविवारी चहा झाल्यावर तो त्याला पॉलिश करायचा. त्या रविवारीही सवयीने काढला, फडकं घेतलं, आणि उजेडात धरला. इतक्या रविवारांत दोन झिजला होता, आठ झिजला होता. सात तर नखाने ओढलेल्या रेघेसारखा राहिला होता. त्याने फडकं खाली ठेवलं आणि बिल्ला परत खिळ्यावर अडकवला.

पुढे तो काळवंडला. कडेला बारीक हिरवं धरू लागलं. एक दिवस बायको केर काढता काढता ओल्या फडक्याने तो पुसायला गेली.

"राहू दे," चकचक खुर्चीतून म्हणाला.

तिने फडकं मागे घेतलं आणि दाराची मूठ पुसली.